मिरजेचा फलाट आणि एक नवी संगणकभाषा



‘रस्ट ही नवी संगणकभाषा टिकेल काय? तिच्यासाठी एक वर्ष द्यावे काय?’ असे या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने मला विचारले. वर्ष त्याचे जाणार आहे, तेव्हा उत्तर जबाबदारीने द्यावयास हवे.

कॅसलरॉकच्या श्रोत्यांना हा प्रश्न रुळांवरून चटकन उमगेल. आपला मार्ग मीटरगेज होता, तेव्हा मुंबईला जाणारा मिरजेस उतरून ब्रॉडगेजची गाडी धरी. पुण्याहून मिरजेपर्यंत ब्रॉडगेज १९७१ साली आले; घाटापर्यंत पोहोचायला १९९० चे दशक उजाडले. रुंद रूळ सरस, याविषयी वाद नव्हताच. पण रुळांबरोबर इंजिने, डबे, कारखाने, बोगदे असे सारेच जुळवावे लागते.

भाषेचेही तसेच. ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये आरंभलेली रस्ट मे २०१५ मध्ये १.० आवृत्तीला पोहोचली. सी भाषेत संगणकाची स्मृती हाताळताना झालेली चूक पुष्कळदा आज्ञावली वापरात आल्यावरच उघडी पडते. रस्टचा कंपायलर अशा बहुतेक चुका आधीच अडवतो. गूगलने नवी भर रस्टसारख्या स्मृतिसुरक्षित भाषांत घालण्यावर भर दिला, आणि अँड्रॉइडच्या सुरक्षादोषांतील स्मृतिदोषांचा वाटा २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. गुण निर्विवाद आहे.

परिपक्वतेविषयी मी इतका निःशंक नाही. तयार घटकांच्या भांडारात दीड लाखाहून अधिक घटक आहेत खरे. पण संख्येने हुरळू नये. कित्येक घटकांमागे एकच माणूस उभा असतो, आणि माणसे कंटाळतात. २०२० मध्ये मोझिलाने मोठी कर्मचारीकपात केली, तेव्हा आश्रयदात्यावाचून भाषेचे काय होणार, ही चिंता होतीच; २०२१ मध्ये स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाल्यावर ती बरीच निवळली.

रस्टचे खरे शहाणपण मला अन्यत्र दिसते. जुने रूळ आधी उखडा, अशी अट तिने घातली नाही. सीमधील आज्ञावलीशी ती जोडता येते. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स ६.१ च्या गाभ्यात ती अशीच, एका कडेने, शिरली. हा सांधा म्हणजे मिरजेचा फलाट. माल या गाडीतून त्या गाडीत चढवतानाच सांडतो, आणि नेमकी तेथे कंपायलरची हमी चालत नाही.

त्या विद्यार्थ्याला मी म्हटले, सहा महिने सी पक्की कर, उरलेले सहा रस्टला दे. नुसत्या रस्टच्या भरवशावर नोकरी शोधू नकोस. जेथे जुन्या सी आज्ञावल्या सांभाळतात तेथे शिर, आणि नवा भाग रस्टमध्ये लिहिण्याची परवानगी माग. उत्तर त्याला फारसे रुचले नाही.