कंपवात, गोळी आणि श्वास



महोत्सवाच्या दिवशीं धर्मगुरूनें औषधांविषयीं बोलावें हें कांहींसें विचित्र दिसेल. परंतु रोग्यांस ख्रिस्तशरीर देण्यास घरोघर जातांना जें पाहिलें, तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आपल्या एका वृद्ध गुरुजींस कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा रोग, आहे. लेव्होडोपाच्या गोळ्यांनीं त्यांचे हातपाय मोकळे झाले. पण कांहीं वर्षांनीं त्यांस मधूनमधून धाप लागूं लागली. अकोल्यास नेऊन छाती व हृदय तपासलें, दोष आढळला नाहीं. (ही तपासणी प्रथम झालीच पाहिजे, घास श्वासनलिकेंत जाऊन होणारा न्यूमोनिया ह्या रोग्यांस फार घातक असतो.) मग "भिऊं नका, धीर धरा," असें जो तो म्हणूं लागला. मीही म्हणालों, ह्याची आज लाज वाटते. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांस हाच रोग होता; २००५ च्या फेब्रुवारींत श्वासासाठीं त्यांच्या कंठास छिद्र पाडावें लागलें, तें कांहीं धैर्याच्या अभावीं नव्हे.

शेवटीं कोणीसें म्हणालें, "गोळीच बाधते," आणि घरच्यांनीं ती एकाएकीं बंद केली. तिसऱ्या दिवशीं मी गेलों तों गुरुजी लांकडासारखे ताठ, अंग तापलेलें, पाण्याचा घोटही उतरेना! असें औषध अकस्मात् तोडल्यास प्राणावर बेततें. रुग्णालयांत गोळी पुन्हां सुरू झाली तेव्हां ते वांचले.

त्यानंतर सूनबाईंनीं वही घातली. प्रत्येक गोळीची व प्रत्येक धापेची वेळ घड्याळ पाहून लिहिली. आठ दिवसांत उलगडा झाला. गोळीचा अंमल ओसरला कीं छातीचे स्नायू ताठरत व श्वास अपुरा पडे. पुढची गोळी लागू पडली कीं तो मोकळा होई. डॉक्टरांनीं वही पाहिली व दोन गोळ्यांमधील अंतर कमी केलें.

ह्याच्या उलटही घडतें. अंमल शिगेस असतां जसे हातपाय अनावर हालतात, तसाच श्वासही कधीं जलद व वेडावांकडा चालतो. तेथें बहुधा मात्रा कमी करावी लागते. खाजकुइरीच्या बियांत हेंच लेव्होडोपा असल्याचें दामोदरन व रामस्वामी ह्यांनीं १९३७ सालीं दाखविलें. तेव्हां गोळी चालू असतां डॉक्टरांस न कळवितां तिच्या बियांचें चूर्ण देणें म्हणजे मात्रा वाढविणेंच होय, आणि आपल्या जिल्ह्यांत तें देणारे पुष्कळ! ब्रोमोक्रिप्टीनसारख्या जुन्या औषधांनीं क्वचित् फुप्फुसाचें आवरण जाड होतें. ती धाप मात्र घड्याळ पाळीत नाहीं.

गुरुजींची आतां चौथी वही चालू आहे. सूनबाई पहिली वही आज घेऊन आल्या आहेत. ज्यांच्या घरीं असा रोगी असेल त्यांनीं भोजनापूर्वीं ती पाहून घ्यावी.