बाळंतविडा आणि जकात



आयुष्यभर वाणिज्याच्या वर्गात जमाखर्च शिकविलेला हा गृहस्थ अर्थसंकल्पावर, फार तर कापसाच्या भावावर बोलेल, अशी वसंत व्याख्यानमालेच्या चालकांची अपेक्षा असावी. मी विषय कळविला तो तान्ह्या मुलाच्या सामानाचा. चिटणीस दोनदा विचारून गेले, "विषय हाच ना?" मी म्हटले, "हाच." ज्या हिशेबात माणूस चुकायला तयार असतो, तोच हिशेब आधी शिकविला पाहिजे, आणि तान्हे मूल घरात आले की भला हिशेबी माणूसही चुकायला तयार असतो.

सन २०२५ च्या पावसाळ्यात आमच्या घरी दोन पार्सलांचा योग आला. आमच्या धाकट्या चिरंजिवांना कन्यारत्न झाले आणि त्यांनी अमेरिकेतील एका दुकानातून बाबागाडी मागविली. इकडे आमची थोरली कन्या न्यू जर्सीत बाळंतीण व्हायची होती. तिच्यासाठी आमच्या सौभाग्यवतींनी बाळंतविडा तयार केला. कुंची, चार दुपटी, सहा अंगडी-टोपडी आणि एक खुळखुळा. एक पार्सल यायचे, एक जायचे. सीमा तीच, मधला समुद्र तोच, आणि दोन्हीकडे माया सारखीच. या दोन पार्सलांनी मला जे शिकविले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम येणाऱ्या पार्सलाचा हिशेब करू. आयातकराचे दर अर्थसंकल्पागणिक हलतात, म्हणून सोयीसाठी आपण गोल आकडे धरू. गाडीची किंमत १३,००० रुपये. चित्राखाली छापलेला आकडा तो हाच. आता भाडे. आपण समजतो, गाडी ७ किलोची, म्हणजे भाडे ७ किलोचे. विमानाने माल नेणारे तसे समजत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणतात, त्याला ५,००० ने भागतात, आणि येणारे उत्तर खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तेच वजन धरतात. खोके ६०, ४५ आणि २५ सेंटिमीटरचे. गुणाकार ६७,५००, भागाकार साडेतेरा. ७ किलोच्या गाडीला साडेतेरा किलोचे भाडे! उरलेले साडेसहा किलो म्हणजे अमेरिकेतील हवा, जी आम्ही पैसे देऊन वाशीमला आणली. भाडे धरा ९,००० रुपये.

मग कर. आयातकर नुसत्या वस्तूच्या किमतीवर नसतो. भाडे आणि विमा मिळवून जे मूल्य होते त्यावर असतो. यात सरकारने एक दया केली आहे. माल विमानाने आला असेल, तर भाडे कितीही असो, मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक भाडे त्या मूल्यात धरीत नाहीत. म्हणून विमा सोडला तर मूल्य झाले १५,६०० रुपये. त्यावर २० टक्के आयातकर धरला तर ३,१२०. आता गंमत पाहा. पुढचा एकात्मिक वस्तू-सेवा कर मूळ मूल्यावर बसत नाही. आयातकर मिळवून झालेल्या १८,७२० रुपयांवर बसतो. तो १८ टक्के धरला तर सुमारे ३,३७०. कराच्या डोक्यावर कर. दोन्ही मिळून ६,४९० रुपये. त्यावर परकीय चलनात पैसे दिल्याबद्दल बँकेचा आकार सुमारे ३ टक्के, म्हणजे ६६०; आणि माल सोडवून देणाऱ्याची हमाली ८५० रुपये धरा. बेरीज करा: बरोबर ३०,००० रुपये. तेरा हजारांची गाडी दारात आली तेव्हा तीस हजारांची झाली होती. वाटेत तिला सोन्याचा पत्रा कोणी लावला नव्हता.

घरात कोणीतरी म्हणाले, "ताईच्या नावाने भेट म्हणून पाठविली असती तर?" पूर्वी हे चालत असे. ५,००० रुपयांपर्यंतच्या खऱ्या भेटीला कर नव्हता. परंतु परदेशी दुकानदारांनीच विकलेल्या मालावर भेटीची चिठ्ठी लावण्याचा सपाटा लावला, तेव्हा १२ डिसेंबर २०१९ रोजी ही वाट बंद झाली. करमाफीच्या भेटीतून जीव वाचविणारी औषधे आणि राखी एवढीच सुटली. राखी सुटली, पण राखीबरोबर पाठविलेली भेट सुटली नाही! कायदा लिहिणाऱ्यालाही बहीण असावी, पण तो हिशेबतपासनीस आधी होता.

आता जाणाऱ्या पार्सलाकडे वळू. अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचे लहान पार्सल करावाचून आत जाई. त्यामुळे आपल्याकडच्या आज्यांनी पाठविलेली दुपटी-झबली कोणाच्या नजरेत येत नसत. २९ ऑगस्ट २०२५ पासून त्या सरकारने ही सवलत सर्व देशांसाठी बंद केली. कर कोणी, कसा गोळा करायचा याची व्यवस्था ठरलेली नव्हती. म्हणून भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेकडील बहुतेक पार्सले घेणे थांबविले आणि महिनाअखेर सारेच टपाल थांबले. आमच्या सौभाग्यवती नेमक्या त्याच आठवड्यात खिडकीशी उभ्या. खिडकीतील बाबू बिचारा भला माणूस. म्हणाला, "आजी, तुमची कुंची मी अडविलेली नाही." त्या घरी आल्या, पार्सल देवघरापाशी ठेवले आणि दोन दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत. १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली. पण त्या वेळी जाहीर केलेल्या किमतीच्या ५० टक्के कर पाठविणाऱ्याने इथेच आगाऊ भरावा, असा प्रकार होता. तोवर नातू महिन्याचा होऊन गेला होता. बारसे झाले ते दुकानातल्या टोपड्यात. या विलंबाची किंमत कोणत्या रकान्यात मांडावी, हे चाळीस वर्षे जमाखर्च शिकवूनही मला सांगता येत नाही.

सीमा ओलांडण्याचा हा व्यवहार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. कारंज्यावरून धावणारी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापाची आगगाडी, जिला आपण लाडाने 'शकुंतला' म्हणत असू, ती इंग्रज कंपनीने वऱ्हाडातला कापूस बंदराकडे नेण्यासाठीच घातली होती. सरकी काढलेली रुई जाई, आणि लँकेशायरच्या गिरण्यांतून कापड होऊन परत येई. मधला सगळा मोबदला मधल्यांचा. आज ती गाडी बंद आहे, पण तो धडा बंद झालेला नाही. वस्तू जितक्या सीमा ओलांडते, तितके हात तिच्यावरून फिरतात, आणि प्रत्येक हात काही ठेवून घेतो.

पैशाचा हिशेब इथे संपतो. पण जे बिलावर येत नाही ते अजून राहिले. कन्या मागे येताना बाळाच्या दुधाची बाटली गरम करण्याचे एक यंत्र घेऊन आली होती. अमेरिकेतील वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. यंत्राला ते कोणी सांगितले नव्हते. लावले, एकदा चुरचुरले, आणि कायमचे शांत झाले. दुरुस्त करणारा वाशीमात नाही, अकोल्यात नाही. परत पाठवायचे तर भाडे यंत्राहून अधिक. ती बाबागाडीही अशीच. गुळगुळीत पदपथासाठी केलेली तिची चिमुकली चाके आमच्या गल्लीतील फरशीच्या फटीत अडकतात. आज ती ओसरीवर उभी आहे आणि तिच्यात जुनी वर्तमानपत्रे झोपतात.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. अमेरिकेत फिशर-प्राइस कंपनीचा 'रॉक एन प्ले' नावाचा तिरका, डुलणारा बिछाना घरोघर गेला होता. त्यात झोपलेली तीसहून अधिक मुले दगावल्याचे उघड झाले, तेव्हा एप्रिल २०१९ मध्ये सुमारे ४७ लाख बिछाने परत बोलाविण्यात आले. पुढे २०२२ मध्ये तेथील कायद्याने १० अंशांपेक्षा अधिक कललेले असे बिछाने विकण्यासच बंदी केली. परत बोलाविण्याची सूचना तेथील गिऱ्हाइकांना गेली. पण कोणा आप्ताने प्रेमाने पेटीत घालून आणलेला बिछाना इकडे कोणाच्या घरी असेल, तर त्याला ती सूचना कोण देणार? माल सीमा ओलांडतो. मालाची जबाबदारी पलीकडेच राहते. दूरच्या दुकानातून घेतलेल्या वस्तूची सर्वांत मोठी किंमत ही आहे.

आता कोणी म्हणेल, "तुमचे म्हणणे एवढेच ना, की परदेशी वस्तू टाका आणि झोळी बांधा?" मी तसे म्हणणार नाही, आणि कारण त्याच बिछान्यात आहे. तिरक्या जागी तान्ह्या मुलाची मान पुढे वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. आपल्या झोळीतही मूल तसेच दुमडते! आजीच्या झोळीत मूल चटकन झोपते म्हणून ती निर्दोष ठरत नाही. झोपायला मुलाला सपाट, टणक जागा हवी, हे त्या ४७ लाख बिछान्यांनी दिलेले ज्ञान आहे, आणि ते आपल्याला फुकट मिळाले आहे. त्यासाठी खोके मोजावे लागत नाही. कॅनडाने २००४ साली मुलांना उभे करून चालविणाऱ्या चाकांच्या गाड्यांवर बंदी घातली, कारण मुले त्यांसह जिन्यावरून पडत होती. आपल्या बाजारात त्या अजून रंगीबेरंगी टांगलेल्या दिसतात. वस्तू आपण आणली, तिच्यासंबंधीचे शहाणपण मागेच ठेवले.

वस्तूवर जकात आहे, ज्ञानावर नाही. हेच आज मला सांगायचे आहे. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७८ साली एका इस्पितळात उबविण्याच्या पेट्या कमी आणि दिवस भरण्याआधी जन्मलेली मुले अधिक, अशी अवस्था होती. परदेशी पेट्या विकत आणणे परवडणारे नव्हते. डॉ. एडगर रे यांनी मुलाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून बांधले. कांगारू-पद्धती म्हणून ती आज जगभर मान्य आहे. ती आपल्या देशात आली तेव्हा तिच्यावर कोणी एक पैसाही कर घेतला नाही.

इतके दूर कशाला? आपल्याच विदर्भातील गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात मुलांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातलीच बाई शिकवून तयार केली. तिच्या हाती वजनकाटा, तापमापक, ऊब देणारी पिशवी आणि मोजकी औषधे दिली. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष आला: नवजात मुलांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. आज आपल्या गावात आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात आणि बाळाचे वजन पाहतात, त्यामागे ही वाट आहे. त्यांच्या पिशवीतल्या साऱ्या सामानाची किंमत आमच्या बाबागाडीच्या नुसत्या भाड्याहून कमी भरेल, असे मला वाटते.

याचा अर्थ काहीच विकत घेऊ नये असा नव्हे. मोटारीतून अकोल्याला जाताना नात आजीच्या मांडीवर बसते, हे धोक्याचे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४ ब हे कलम आले. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालसुरक्षेचे आसन नसेल तर १,००० रुपये दंड आहे. असे आसन अवश्य घ्यावे. पण ते आपल्या देशाच्या एआयएस ०७२ या मानकाचे, आपल्या गाडीत बसणारे, आणि बिघडल्यास ज्याला जाब विचारता येईल अशा दुकानातून घ्यावे.

तेव्हा घरातील तरुण आईबापांना माझे सांगणे थोडे आहे. बटण दाबण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्या. खोके केवढे, कर कोण भरणार, आपल्या विजेवर चालेल का, मोडले तर कोणाकडे जायचे आणि धोक्याचे ठरले तर आपल्याला कोण कळविणार, याची उत्तरे लिहा. त्यांपैकी शेवटचे उत्तर कोरे राहिले, तर वस्तू कितीही स्वस्त असो, ती महागच समजा.

आमच्या बाळंतविड्याचे काय झाले, हे आपण मनात विचारीत असाल. तो पोस्टाने गेला नाही. डिसेंबरात ओळखीतील एक गृहस्थ मुलाकडे तिकडे निघाले, त्यांच्या पेटीत जागा मिळाली. नातू तोवर तीन महिन्यांचा झाला होता. कुंची त्याला डोक्यावर घट्ट बसली. पण कन्येने दूरध्वनीवर सांगितले, "आई, दुपट्याला आपल्या घराचा वास येतोय." सौभाग्यवतींनी तेवढे ऐकले आणि पदर डोळ्यांना लावला.

त्या दिवशी मी जमाखर्चाची वही मिटून ठेवली. आपणही आता मला ती मिटू द्यावी, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.