मनाली ते लेह : एका रस्त्याचा हिशेब



मोटारसायकलवरून मनालीहून लेहला जाऊन येणे ही अलीकडे आपल्याकडील तरुणांची मोठी हौस झाली आहे. पूर्वी काशीहून परतलेला मनुष्य मावंदे घालीत असे. आता लेहहून परतलेला मुलगा छायाचित्रे दाखवितो. या हौसेला नावे ठेवण्यासाठी आम्ही उभे राहिलेलो नाही. तो रस्ता आम्हीही फटफटीवरूनच तुडविला आहे. आमचे म्हणणे एवढेच की, लोक ज्याला धाडस म्हणतात ते खरे पाहता हिशेबाचे काम आहे, आणि हा हिशेब चुकला तर तो जिवावर बेततो.

प्रथम रस्ता पाहू. मनालीपासून लेह साधारण ४३० किलोमीटर. पूर्वी ही वाट रोहतांगच्या खिंडीवरून जात असे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचे उद्घाटन झाले आणि ४६ किलोमीटरांची चाल वाचली. बोगद्यापलीकडे लाहौल. तेथे तांदी गावी चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम होतो आणि पुढे त्या चंद्रभागा म्हणून वाहतात; हीच चिनाब. पंढरीच्या चंद्रभागेशी या पाण्याचे काही नाते नाही, पण नाव ऐकताच मराठी माणसाचे हात आपोआप जोडले जातात.

याच तांदीला पहिला हिशेब सुरू होतो, तो पेट्रोलचा. पुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर, अशी तेथल्या पंपावरची पाटी प्रवाशांत प्रसिद्ध आहे. तेरा लिटरांची टाकी आणि लिटरला तीस किलोमीटर धरले, तर ३९० किलोमीटर होतात. पण हे गणित सपाटीचे. चढावर गाडी जास्त पिते. म्हणून पाच लिटरांचा डबा बांधून घेतल्याशिवाय शहाणा मनुष्य तांदी सोडीत नाही.

दुसरा हिशेब हवेचा. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी टांगलांग ला ही खिंड त्यांच्यावर उरते. तिची उंची ५,३०० मीटरांहून अधिक आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडासाच जास्त. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात पेट्रोल नेहमीएवढे येते आणि हवा कमी पडते; मग ते काळा धूर ओकते व गुदमरते. नव्या गाड्यांत पेट्रोलचे माप यंत्रच हवेप्रमाणे बेतते, म्हणून गुदमरणे टळते. पण गेलेला जोर काही परत येत नाही. गाटाची एकवीस वळणे चढताना हे चांगलेच कळते. उतरताना मात्र आपल्या बोरघाटातला नियमच उपयोगी पडतो : ज्या गिअरात चढावे, त्याच गिअरात उतरावे, आणि ब्रेकचा भार इंजिनावर टाकावा.

तिसरा हिशेब पाण्याचा. वाटेतले ओहोळ बर्फाचे. रात्री बर्फ गोठते, तेव्हा पहाटे पाणी घोट्याएवढे असते. ऊन चढले की तेच दुपारी गुडघ्यापर्यंत येते. म्हणून तेथील ट्रकवाले पहाटेच निघतात. त्यांचे पाहून आम्हीही तसेच निघू लागलो.

चौथा हिशेब शरीराचा, आणि त्यासाठीच हे सारे सांगावयाचे. तीन हजार मीटरांच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. जिस्पा सुमारे ३,२०० मीटरांवर. आम्ही तेथे दोन रात्री काढल्या. पुढे बारालाचा ला ओलांडून सर्चूच्या तंबूत सकाळी चहाला थांबलो, तेव्हा शेजारच्या तंबूत एक तरुण पडलेला होता. मनालीहून एका दमात येऊन त्याने ४,२०० मीटरांहून उंच असलेल्या त्या मैदानात रात्र काढली होती. डोके ठणकत होते, उलट्या होत होत्या आणि उभे केले तर झोक जात होता. त्याचे सोबती म्हणत, “लेह तर आजच गाठू, तिथे डॉक्टर आहेत.” लेह खरोखरच खाली, ३,५०० मीटरांवर आहे. पण मध्ये पाच हजार मीटरांहून उंच अशा दोन खिंडी उभ्या! मागे फिरावे तर बारालाचा एकच, तीही त्यांच्यापेक्षा ठेंगणी. झोक जाणे म्हणजे मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण; त्यावर खाली उतरणे हाच पहिला उपाय. तंबूवाल्या बाईंनी आणि आम्ही मिळून सोबत्यांची समजूत घातली, आणि केलाँगकडे निघालेल्या ट्रकात त्याला प्राणवायूच्या नळकांड्यासह बसविले. त्याची गाडीही मागे चढविली. संध्याकाळपर्यंत केलाँगच्या रुग्णालयात तो उठून बसला, हे पुढे कळले.

त्याला इतकी घाई का होती? आम्ही विचारले, तेव्हा सोबती म्हणाले, “आठच दिवसांची रजा आहे.” श्रोतेहो, हे उत्तर आम्हाला विसरता येत नाही. त्या मुलाला खिंडीने पाडले नव्हते. कॅलेंडराने पाडले होते.

आणखी एक हिशेब राहतो, तो ऋणाचा. १९६० साली सीमा रस्ते संघटना स्थापन झाली. आजही हा मार्ग तीच सांभाळते. आपण येथे वसंतातील व्याख्याने ऐकत असतो, त्या सुमारास तेथे तिची यंत्रे बर्फाच्या भिंती कापीत असतात. झारखंड-बिहारकडून आलेले मजूर तोंडाला फडके बांधून डांबर ओततात, कोसळलेल्या दरडी उचलतात. ज्या हवेत आपल्याला दहा पावले चालून दम लागतो, त्याच हवेत ते दिवसभर फावडे चालवितात. त्यांच्या अंगावर धूळ उडवीत भरधाव जाणे हा कसला पराक्रम? तेथे गाडी मंद करावी.

आपल्यापैकी कुणाचा मुलगा यंदा निघावयाचा असेल, तर त्याला अडवू नका. टांगलांग ला उतरल्यावर रुम्त्सेपासून उपशीपर्यंतची ती जांभळ्या-हिरवट खडकांची घळ आणि तिच्या तोंडाशी भेटणारी सिंधू डोळ्यांनी पाहावी अशीच आहे. फक्त निघण्यापूर्वी त्याला एक विचारा : रजा किती दिवसांची काढलीस? आणि तो जो आकडा सांगेल, त्यात आणखी दोन दिवस घालावयास लावा.