लोखंडी नांगर आणि माणसांचा विश्वास

(ग्रामविकास कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावात सुधारित बियाणे न्यायचे असो, शाळा सोडलेल्या मुलीला पुन्हा वर्गात आणायचे असो किंवा पाणीपट्टी वेळेवर भरण्यास ग्रामस्थांना राजी करायचे असो, या सर्व कामांत एक गोष्ट समान असते. समोरच्या माणसाचे मन वळवावे लागते आणि ते हुकमाने वळत नाही. व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाचे, कारखानदाराला कामगाराचे आणि अधिकाऱ्याला आपल्या सहकाऱ्यांचे मन जिंकावे लागते ते याच कारणाने.

गोड वाणी, हसतमुख स्वभाव, नावानिशी विचारपूस करण्याची हातोटी हे गुण या कामी निश्चितच उपयोगी पडतात. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु या गुणांनी फार तर घराचे दार उघडते. आत बसायला पाट मिळतो तो विश्वासामुळे. हा विश्वास कसा संपादन होतो, याचा विचार करताना परदेशी ग्रंथांकडे वळण्याची आवश्यकता नाही. एका लोखंडी नांगराची हकिगत त्यासाठी पुरेशी आहे.

दोन वर्षे न खपलेला नांगर

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडावे लागले. तेव्हा ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाले. त्याच काळात त्यांनी आपले बंधू रामूअण्णा यांच्यासमवेत बेळगावात सायकलींचे दुकान सुरू केले. सायकल ही त्या वेळी अपूर्वाईची वस्तू होती. दुकानात ती विकली जाई, तसेच ती चालवायलाही शिकवली जाई. वस्तू गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारून मोकळे व्हायचे नाही, ती त्याला वापरता आली पाहिजे, ही दृष्टी येथूनच दिसते.

पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. नांगर उत्तम होता. लाकडी नांगर जमीन उकरी. लोखंडी नांगर ती उलथून टाकी, खालची माती वर आणी, हरळी आणि कुंदा यांच्या मुळांना हात घाली. इतके असूनही शेतकरी तो घेईना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, असा समज पसरलेला होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे किर्लोस्करांच्या चरित्रात नमूद आहे.

या समजाला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. तथापि, क्षणभर त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे उचित ठरेल. त्याचा लाकडी नांगर गावच्या सुताराने घडवलेला होता आणि त्याचा फाळ गावचाच लोहार शेवटून देत होता. दोघांचे देणे सुगीच्या वेळी बलुत्याच्या रूपाने भागत असे. नांगर मोडला तर गावातच दुरुस्त होई. लोखंडी नांगराला मात्र रोख पैसा लागणार होता. ओतीव लोखंड वाकत नाही, तडकते आणि लोहाराच्या भट्टीत ते सांधले जात नाही. ऐन मशागतीच्या दिवसांत फाळ तुटला तर पेरणी चुकणार आणि पेरणी चुकली म्हणजे वर्ष बुडाले. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाता येते. नांगराचे तसे नव्हते. विकणाऱ्याचा फार तर एक नांगर पडून राहणार होता. घेणाऱ्याचा सारा संसार पणाला लागत होता. 'जमिनीत विष' हे शब्द या भीतीचेच रूप असावेत, असे मानण्यास जागा आहे.

अशा भीतीवर वक्तृत्वाची मात्रा चालत नाही. हातच्या कंकणाला आरसा लागत नाही, त्याप्रमाणे नांगरलेल्या शेताला जाहिरात लागत नाही. एकाच बांधाच्या अलीकडे लाकडी नांगराने आणि पलीकडे लोखंडी नांगराने केलेली मशागत पाहिली, की ज्याचे त्याने ठरवावे. शिवाय, एकाच साच्यातून ओतलेला फाळ दुसऱ्याच्या जागी चपखल बसतो. तो वेळेवर मिळण्याची खात्री असेल, तर लोहाराकडे न सांधणारे लोखंडही शेतकऱ्याला परके वाटत नाही. नांगर एकदा विकता येतो, पण फाळ वर्षानुवर्षे पुरवावा लागतो. गिऱ्हाइकाचा विश्वास या दुसऱ्या कामातून जडतो.

माळरानावर सोबत आलेली माणसे

गिऱ्हाइकाइतकेच महत्त्व सहकाऱ्याला असते. बेळगावातील कारखान्याची जागा शहराच्या विस्तारामुळे सोडण्याची वेळ आली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड रेल्वे स्थानकालगतची 32 एकर जमीन दिली. निवडुंग माजलेले आणि सापांचा सुळसुळाट असलेले ते ओसाड माळरान होते. 1910 साली सुमारे 25 कामगार आपल्या बायकामुलांसह तेथे राहावयास गेले आणि किर्लोस्करवाडी वसली. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे.

त्या कुटुंबांनी हे धाडस कशाच्या भरवशावर केले असेल? तेथे घरे नव्हती, बाजार नव्हता आणि कारखाना चालेलच याची हमीही नव्हती. परंतु मालक स्वतः त्याच माळावर त्यांच्यासोबत राहावयास आला होता. जो धोका त्यांना, तोच त्यालाही होता. सहकाऱ्यांना कामाला लावणे आणि त्यांच्यासोबत कामाला लागणे यांतील अंतर कामगार अचूक ओळखतात.

लक्ष्मणरावांची आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. गुन्ह्याबद्दल शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी वाडीत काम दिले. इतकेच नव्हे तर रात्रीच्या राखणीची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. ज्यांच्यापासून गावाने घरे जपावीत, त्यांच्याच हाती घरे दिली. ही माणसे पुढे अत्यंत विश्वासू ठरली. विश्वासाला पात्र ठरल्यावर विश्वास टाकू, असे म्हणणारा वरिष्ठ बहुधा आयुष्यभर वाट पाहत राहतो. कोणीतरी पहिले पाऊल टाकावे लागते आणि ते अधिकार असलेल्याने टाकावे हेच न्याय्य होय. वाडीत अस्पृश्यता पाळण्यास बंदी होती, हाही याच वृत्तीचा भाग होता. ज्याला माणूस म्हणून मान मिळत नाही, त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा करता येत नाही.

1920 मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवणे हा त्यामागील मूळ उद्देश होता. पण पुढे ते मराठीतील एक अग्रगण्य मासिक बनले. केवळ मालाची स्तुती छापली असती तर ते कोणी जपून ठेवले नसते. वाचकाला त्याच्या उपयोगाचे काही दिले म्हणून त्याने ते घरात ठेवले.

नांगर विकणारे 'पाटील मास्तर'

या नांगराचा प्रवास एका थोर शिक्षणकार्याशीही जोडलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी आयुष्याच्या पूर्वार्धात किर्लोस्करांच्या नांगरांचे फिरते विक्रेते म्हणून काम केले होते. तत्पूर्वी साताऱ्यात खाजगी शिकवण्या घेत असताना लोक त्यांना 'पाटील मास्तर' म्हणत. शालेय शिक्षण अर्ध्यावर सुटलेला, तालमीत कसलेला, पुढे दाढी, काठी आणि घोंगडे याच वेषात महाराष्ट्राला परिचित झालेला हा पुरुष विक्रेत्याच्या रूढ कल्पनेत बसणारा नव्हता. पण नांगराच्या निमित्ताने त्यांना खेडोपाडी हिंडता आले. कुणब्याच्या ओसरीवर बसताना त्यांना जमिनीची पत कळली, तसेच शाळेवाचून वाढणारी मुलेही दिसली.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह निघाले आणि 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. पुढे संस्थेचा विस्तार शेकडो शाळा-महाविद्यालयांपर्यंत झाला.

खेड्यातील शेतकऱ्याला मुलाचे शिक्षण हा लोखंडी नांगराइतकाच धोक्याचा सौदा वाटत असे. हाताशी आलेले पोर शेतातून काढून घ्यायचे, निराळ्या जातीच्या मुलांच्या पंक्तीला बसवायचे आणि फळ कधी मिळेल याची शाश्वती नाही! तरीही लोकांनी मुले दिली, आणि मूठमूठ धान्य बाजूला काढून वसतिगृहालाही दिले. याचे कारण भाऊरावांच्या घरातच होते. वसतिगृहातील मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. ज्या घराने स्वतःचे सोने आधी दिले, त्या घराला मूठभर जोंधळा मागण्याचा अधिकार होता. 'कमवा आणि शिका' या योजनेने विद्यार्थ्यालाही घेणाऱ्याच्या जागेवरून उठवून देणाऱ्याच्या जागी बसवले.

पारख कशी करावी?

मन जिंकण्याची विद्या ही दुधारी असते, हेही येथे सांगितले पाहिजे. दामदुप्पट पैशांचे आमिष दाखवून गोरगरिबांच्या ठेवी बुडवणारे लोक अतिशय मिठ्ठास बोलतात, आपुलकीने घरी येतात आणि मुलांना खाऊही आणतात. मग त्यांच्यात आणि लोकसेवकात फरक कोणता? कसोटी एकच. काम फसले तर नुकसान कोणाचे होणार? जो समोरच्याला आधी पणाला लावतो आणि स्वतः काठावर राहतो, त्याचे आर्जव कितीही मधुर असो, ते फसवणुकीच्याच जातीचे होय. जो स्वतःचे काही आधी पुढे ठेवतो, त्याचे चार शब्द तोडके असले तरी लोक ऐकून घेतात.

शासकीय कर्मचारी, शिक्षक आणि पंचायतीचे सदस्य यांना स्वतःचे दागिने मोडण्याची गरज नाही. त्यांच्याजवळ पणाला लावण्यासारखी वस्तू म्हणजे त्यांचा शब्द. योजनेतून काय मिळेल याबरोबरच काय मिळणार नाही आणि किती विलंब लागेल, हेही आरंभीच स्पष्ट सांगावे. खरा नकार माणूस पचवतो. लांबवलेला होकार तो विसरत नाही. पंप बसवण्याचा समारंभ होतो, परंतु तो बंद पडल्यावर कोणाकडे जावयाचे हे गावाला ठाऊक नसते. तुटलेल्या फाळाच्या वेळी जो हजर असतो, त्याचाच दुसरा नांगर खपतो.

सहकाऱ्यांच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. यश आले तर अंगणवाडी सेविकेचे, शिपायाचे, तरुण शिक्षकाचे नाव चारचौघांत घ्यावे. अपयश आले तर प्रथम आपली सही दाखवावी. जबाबदारी देताना अधिकारही द्यावा. कुलूप एकाच्या हाती आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती ठेवून विश्वास वाढत नाही.

शेवटी एक गोष्ट ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. सार्वजनिक कामात विश्वास हा व्यक्तीचा असला तरी त्याचा हिशेब संस्थेच्या खात्यावर मांडला जातो. एका कर्मचाऱ्याने मोडलेला शब्द, त्याची बदली झाल्यावर, त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्याला फेडावा लागतो. त्या नव्या माणसाला बंद दारे दिसतात आणि 'येथील लोक सहकार्य करीत नाहीत' असा शेरा तो अहवालात लिहितो. वस्तुतः ते लोक एका जुन्या तुटक्या फाळाची आठवण धरून बसलेले असतात. अशा वेळी शेरा लिहिण्यापूर्वी एकदा त्या ओसरीवर जाऊन बसावे, पूर्वी काय घडले ते निमूटपणे ऐकून घ्यावे आणि जे दुरुस्त करता येण्याजोगे असेल ते आधी दुरुस्त करून द्यावे. नव्या योजनेचा कागद त्यानंतर काढावा.