दिवाळीची भेट द्या, रोख नको


दिवाळी तोंडावर आली आहे.

लोंढ्यात, खानापुरात खरेदीची लगबग असेल.
पण एखाद्या घरात आईवडिलांना घोर लागलेला असतो.
मुलगा कर्तासवरता, पण नशेच्या आहारी गेलेला.
त्याला यंदा काय द्यावं?

भेट जरूर द्या.
रोख मात्र देऊ नका.
मोबाईल, अंगठी, घड्याळही नको.
विकण्याजोगी वस्तू नशेपायी विकली जाऊ शकते.

मग द्यायचं काय?
त्याच्या मापाचा शिवलेला सदरा द्या.
पहिल्या आंघोळीला उटणं लावा.
फराळाला शेजारी बसवा.
मामाला, आत्यालाही आधीच सांगून ठेवा,
त्याच्या हातावर पैसे ठेवू नका.

‘नशा सोडलीस तरच देईन’, असा सौदा नको.
व्यसन हा आजार आहे.
त्याला उपचार लागतात.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून असे उपचार करतं.
डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं.
लोंढ्याहून पुण्याला थेट रेल्वे आहे.
मुलगा तयार झाला, तर तिकीट काढा.
सोबत जा.

सल्ल्यासाठी सरकारी मदतवाहिनी आहे, १४४४६.
पुन्हा सांगते.
एक, चार, चार, चार, सहा.

तेव्हा लक्षात ठेवा, भेट द्या, रोख नको.