जबाबातली बोली, कवितेतली बोली



कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाने कवितेवर बोलावे, याचे कुणाला नवल वाटेल. परंतु या विषयाकडे आम्हांला नेले ते एका जबाबाने.

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या एका कारखान्यात आमच्या सभासदाचा हात यंत्रात सापडला. चौकशीत तो म्हणाला, "मशीन अटकायलती, मी सांगायलतो." लिहिणाराने लिहिले, "मशीन अडकले, मी सांगितले." भाषा शुद्ध झाली; सत्य मात्र गेले. 'अटकायलती' म्हणजे यंत्र पुनःपुन्हा अडकत होते. 'सांगायलतो' म्हणजे हा माणूस सांगतच होता. कित्येक दिवसांची तक्रार एका क्षणाची होऊन बसली! तो जबाब आम्ही दुरुस्त करून घेतला. तेव्हा ध्यानी आले की, बोली ही बिघडलेली मराठी नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे, आणि त्यात कधी कधी माणसाचा हक्कही सांभाळलेला असतो.

कवींनी हे फार पूर्वी ओळखले. स्कॉटलंडच्या रॉबर्ट बर्न्स या शेतकरी कवीने १७८६ साली आपल्या संग्रहाच्या नावातच सांगून टाकले की, या कविता स्कॉटिश बोलीतल्या आहेत. आपल्याकडे जळगावच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी पुत्र सोपानदेव यांच्यामुळे टिकली आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली, ती खानदेशी बोलीतच. ती पुस्तकी मराठीत घातली असती, तर विचार उरला असता. विचार करणारी बाई उरली नसती.

नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले. 'माझे विद्यापीठ' हा त्यांचा संग्रह १९६६ सालचा. त्यांनी कामगारवस्तीतले बोलणे कवितेत आणले, आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ सालचा. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातल्या काही शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले. एरवी वस्तीने शहाण्यांकडून शब्द शिकायचे; येथे शहाण्याने वस्तीकडून शिकले. आपल्याच गावातून डॉ. गंगाधर पानतावणे यांनी चालविलेल्या 'अस्मितादर्श'ने अशा लेखणींना हक्काची जागा दिली.

प्रमाण मराठीशी आमचे वैर नाही. चार जिल्ह्यांत वाटायचे पत्रक आम्हीही तिच्यातच काढतो. आणि बोली नुसती वेष म्हणून पांघरली, तर तीही खोटीच ठरते. आमचे म्हणणे इतकेच की, प्रमाण भाषा ही सर्वांच्या सोयीसाठी आहे, कुणाला गप्प बसविण्यासाठी नाही.

२०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव दिले गेले, हे उचितच झाले. पण त्यांच्याच बोलीत बोलणारी एखादी बाई अर्ज घेऊन कचेरीच्या खिडकीशी येते, तेव्हा आपण काय करतो? कवितेत टाळ्या आणि खिडकीशी हसू, हा न्याय नव्हे. तिचे वाक्य पुरे होऊ द्यावे, आणि ती बोलली तसेच लिहून घ्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.