निघण्याआधी विचारा



किनवटहून नांदेडला जायचं.
उदगीरहून लातूरला जायचं.
कशासाठी? दवाखान्यासाठी.

चालत्या माणसाला तो एक हेलपाटा.
व्हीलचेअरवरच्या माणसाला मात्र ती मोहीमच.

म्हणून आज एकच गोष्ट.
निघण्याआधी विचारा.

रेल्वेनं जाताय? 139 वर फोन करा.
एक, तीन, नऊ.
दिव्यांगांचा राखीव डबा बहुधा गाडीच्या टोकाला असतो.
पुढे की मागे, ते आधीच विचारा.
दोन मिनिटांच्या थांब्यात फलाटभर खुर्ची ढकलत कोण पळणार?

सोबत्याशिवाय प्रवास जमत नसेल,
तर अस्थिव्यंग व्यक्तीला स्लीपरच्या तिकिटात 75 टक्के सवलत आहे.
सोबत्यालाही तेवढीच.
त्यासाठी रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र काढून ठेवा.

सवलत एसटीतही आहे.
पण खरं सांगू?
ती तिकिटाला आहे, पायऱ्यांना नाही.
लालपरीच्या पायऱ्या उंचच.
उचलून बसवायला घरचं माणूस हवंच.

नांदेडचं शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय विष्णुपुरीला आहे.
म्हणजे स्टेशनवर उतरलात, तरी रिक्षाचा प्रवास उरतोच.
घडीची खुर्ची असेल, तर बरं पडतं.

आणि नुसती फेरतपासणी असेल तर?
तेव्हाही, निघण्याआधी विचारा.
प्रत्यक्ष यायलाच हवं का, हे डॉक्टरांना विचारा.
ई-संजीवनी ही सरकारी सेवा मोफत आहे.
मोबाईलवरून डॉक्टरांशी बोलता येतं.

फोन करताना जुना केसपेपर तेवढा हाताशी ठेवा.